परक्या देशाला दिलेलं माझं मत

भाताच्या लोंब्या जड होऊन वाकायला लागल्या की अंजूरच्या बाजूला एक वास सुटतो. ओल्या तणाचा, खाडीच्या चिखलाचा आणि पिकत आलेल्या दाण्याचा. त्यात आता गोदामांतल्या पुठ्ठ्यांचा आणि रस्त्यावर उभ्या ट्रेलरच्या डिझेलचा वास मिसळलेला असतो. पूर्वी मला हे दिवस आवडायचे. गणपती गेलेले, दिवाळी यायची, ऊन चढलेलं, पण शेतात अजून पाणी. आता मात्र हा वास आला की काही वर्षांपूर्वीची एक दुपार वर येते.

मी अंजूरच्या शाळेत शिकवते. राहायला भिवंडीत, कामतघरला. शाळेच्या जोडीला मतदार यादीचं कामही कितीतरी वर्षं माझ्याकडे आहे. घरोघरी जायचं, कोण नवीन आलं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं ते लिहायचं. सरकारदरबारी मी बीएलओ, गावात मात्र ‘यादीवाल्या बाई’. यंदा पुन्हा निवडणुकीचं वारं आहे. पुन्हा यादीच्या नव्या झेरॉक्सचा गठ्ठा हातात आला आहे, आणि त्याच आठवड्यात माझ्या भाचीने, प्रज्ञाने, मला फोनवर एक लिंक पाठवली. कुठल्यातरी दूरच्या देशात निवडणूक आहे. जगातल्या कुणीही तिथल्या उमेदवाराला मत द्यावं. मोजलं जाणार नाही, पण जगाला काय वाटतं ते दिसेल.

मी ती लिंक पुसली. नुसती पुसून भागलं नाही, उठून तोंड धुऊन आले.

तशीच एक लिंक तेव्हाही आली होती. तेव्हा देश अमेरिका होता. तिथे अध्यक्ष निवडायचा होता आणि आपल्याकडे आमदार. दोन्ही निवडणुका एकाच मोसमात, भाताबरोबरच पिकायला आल्यासारख्या. पण आमच्या भिवंडीत तेव्हा चहाच्या टपरीपासून रिक्षाच्या रांगेपर्यंत बोलणं कशावर, तर अमेरिकेवर. तिथे कोण येणार, तो आला तर काय, ती आली तर काय. आपल्याकडे कोण उभं आहे हे विचारलं की लोक जांभई देत.

प्रज्ञा तेव्हा कॉलेजात होती. परदेशातल्या कुणी तरुणांनी एक वेबसाइट काढली होती आणि कॉलेजातल्या काही मुलांनी ठरवलं की भिवंडीतही हॉलमध्ये ‘जगाचं मतदान’ घ्यायचं. “आत्या, तू यायचंच,” ती म्हणाली. “पहिलं मत तुझं. तू खरी निवडणूक-अधिकारी आहेस ना!” मी अधिकारी वगैरे काही नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण मी तिला दुरुस्त केलं नाही. निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव छापून आलं, नावापुढे ‘निवडणूक अधिकारी’, आणि मी ती पत्रिका शाळेत सगळ्यांना दाखवली.

आमच्या घरी मताची थट्टा चालत नसे. माझे वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात कामाला होते. वर्षभर अंगाला खळीचा आंबूस वास. मतदानाच्या दिवशी मात्र ते पहाटेच अंघोळ करून पांढराशुभ्र शर्ट घालत, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीला हात जोडत आणि सगळ्यांच्या आधी रांगेत जाऊन उभे राहत. एकदा मी विचारलं, “एवढी घाई कशाला?” ते म्हणाले, “पोरी, एरवी आपल्याला कोण मोजतं? आज मोजावंच लागतं.” अशा माणसाची मुलगी मी. मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. म्हणून तर माझी मला जास्त शिसारी येते.

कार्यक्रम दुपारी चारला होता. त्या दिवशी माझी अंजूरमधली सात घरं राहिली होती आणि यादी दुसऱ्याच दिवशी वर पाठवायची होती. नेसलेली साडी नवी होती. चिखल चुकवत, पदर सावरत मी एकेक घर उरकत होते. शेवटच्या घराला कुलूप होतं. ते घर हिरामावशींचं.

हिरामावशी म्हणजे गावात सगळ्यांना माहीत असलेली बाई. साठी उलटलेली, एकटी, खाडीकडच्या अंगाला तिची भाताची दोन खाचरं. तिच्या शेजारची जमीन गोदामाला गेली. तिथे जायला भराव टाकून रस्ता केला आणि त्या भरावाने पाणी निघून जायची वाट बुजली. श्रावणात तिचं भात आठवडाभर पाण्याखाली होतं. तेव्हा आमदारकीला उभा राहणारा एक पुढारी गावात सभा घ्यायला आला. भराव त्याच्याच माणसांचा. बायका मागे बसल्या होत्या. हिरामावशी उठून पुढे गेली आणि माइकशिवाय म्हणाली, “माझ्या भातात पानी कुनी घातलं, त्ये तुला ठावं हाय. माझं मत तुला न्हाय. तुझ्या तोंडावर सांगते, मागून न्हाय.” त्या पुढाऱ्याने हसून हात जोडले. मी तिथे शाळेच्या ओट्यावर उभी होते. मला तिचा अभिमान वाटला होता.

त्याच बाईच्या दाराला कुलूप. शेजारच्या सुनेला विचारलं. ती धुणं वाळत घालत होती. “कोन गावाला गेल्यात लेकीकडं,” ती म्हणाली. कधी येणार? “काय म्हाईत. लई दिस झाले.” साडेतीन वाजले होते. फाट्यापर्यंत रिक्षा, पुढे भिवंडीतलं ट्रॅफिक. नियम असा की पुन्हा यायचं, दोनदा, तीनदा, दारावर चिठ्ठी लावायची. मी त्या सुनेची सही घेतली, हिरामावशीच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं आणि रिक्षाला हात केला.

अक्षर मात्र चांगलं काढलं होतं. शिक्षिकेचं अक्षर.

हॉलमध्ये एसी होता. पडद्यावर अमेरिकेचा नकाशा निळा-लाल झळकत होता. दारात एक मुलगी जांभळ्या मार्करने प्रत्येकाच्या बोटावर खूण करत होती, खऱ्या शाईसारखी. मला गुलाबाचं फूल दिलं. भाषणं झाली. त्यातलं एक मला आजही खोटं वाटत नाही. शहरातले एक यंत्रमागमालक, पन्नाशीचे मोमीनभाई, उठून म्हणाले, “मैडम, वहाँ कोई एक कागज़ पे दस्तखत करता है, और यहाँ मेरे लूम की शिफ्ट बंद हो जाती है. कपडा वापस आता है. तो हमसे पूछना तो चाहिए ना?” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खरंच आहे ते. तिकडच्या युद्धाने इकडचं तेल महागतं, तिकडच्या हुकमाने इकडचा कारागीर गाडी धरून गावी जातो. ज्याचा निर्णय आपल्या ताटात येऊन पडतो त्याला निवडताना आपल्याला कुणी विचारू नये, हा अन्यायच.

पण नंतर पडद्यावर जे झालं ते विचारणं नव्हतं. मी चार वेळा बोट टेकवलं. एक चेहरा निवडला, दुसरा नाकारला. ज्या लोकांच्या दारात मी कधी जाणार नाही, ज्यांची शाळा, ज्यांचा दवाखाना, ज्यांची गटारं मी बघणार नाही, त्यांचा मी फैसला केला आणि पडद्यावर फुगे उडाले. ‘धन्यवाद, जगाचे नागरिक’ अशी अक्षरं आली. कुठल्यातरी देशातून कुणीतरी लगेच लिहिलं, थँक यू इंडिया. आणि मला, चाळिशी ओलांडलेल्या बाईला, डोळ्यांत पाणी आलं. प्रज्ञाने तेवढ्यात फोटो काढला. बोट वर, डोळे ओले.

माइक हातात होता म्हणून मी मुलांना विचारलं, “तुमच्यापैकी इथल्या मतदार यादीत किती जणांचं नाव आहे?” वर आलेले हात मोजायला मला माझी एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली. एक मुलगा ओरडला, “मॅम, इधर का क्या, किसको भी दो, सब सेम है!” सगळे हसले. मीही हसले. माझ्या पर्समध्ये ती यादी होती, आणि मी हसले.

दिवाळी झाली. मतदानाचा दिवस आला. मतदान केंद्राच्या बाहेर टेबल टाकून आम्ही बसतो, लोकांना यादीतला क्रमांक शोधून देतो. दहाच्या सुमारास हिरामावशी आली. नातीचं बाळंतपण आटोपून ती कधीच परतली होती. धुतलेलं लुगडं, केसांत झेंडूचं फूल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओळखपत्र. मी पान उलटलं. तिच्या फोटोवर आडवा शिक्का होता. वगळले.

“मावशी, यादीत नाव नाही,” मी म्हटलं.

“बघ नीट. फोटू हाय की माझा.”

“फोटो आहे, पण नाव काढलंय. स्थलांतरित म्हणून.”

“म्हंजी?”

“म्हणजे... तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात, असं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. खरोखर विचारावं तसं तिने विचारलं, “मंग मी गेली कुठं, त्ये तरी सांग.”

माझ्याकडे उत्तर होतं. ते एका वाक्यात मावलं असतं. पण तेवढ्यात मागे उभा असलेला, त्या पुढाऱ्याविरुद्धच्या पक्षाचा पोरगेला एजंट ओरडला, “मावशीचं नाव कापलं! भर सभेत बोलली ना, म्हणून कापलं!” गर्दी जमली. कुणीतरी मोबाइल वर धरला. “ह्ये त्याचंच काम,” बायका म्हणाल्या. “त्याच्या बापाचं राज हाय का?” मावशीला मध्ये उभं केलं. आत जाऊन ती अधिकाऱ्यांशी बोलून आली. त्यांनीही यादीपुढे हात टेकले. ती तशीच उलट पावली घरी गेली, ओळखपत्र पुन्हा पिशवीत घालून. आणि मी? मी रांगेतल्या पुढच्या माणसाचा क्रमांक शोधू लागले.

त्या दिवशी दुपारी मी कामतघरला जाऊन माझं स्वतःचं मत दिलं. शाई लावणाऱ्या बाईंनी बोट पुढे करायला सांगितलं, तेव्हा मला वाटलं, हे बोट आपलं नाही, कुठेतरी धुऊन यावं.

पुढचे आठ दिवस गावात एकच गोष्ट फिरत होती. पुढाऱ्याने म्हातारीचं नाव कापलं. एका तरुणाने माइक घेऊन तिची मुलाखत घेतली, ती हजारो लोकांनी बघितली म्हणे. विरोधकांनी तिचा फोटो बॅनरवर लावला. शाळेत शिक्षक डबा खाताना त्यावर बोलत, माझं मत विचारत आणि मी म्हणे, “काय सांगता येतं, हल्ली काहीही होतं.” हे वाक्य मी किती सहज बोलत होते! तो माणूस काही सज्जन नव्हता. भराव त्याचाच होता. त्याच्या अंगाला आणखी एक डाग लागला तर काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावत होते. तो निवडून आलाच. चांगल्या मताधिक्याने. मावशीच्या एका मताने त्याचं काही अडलं नसतं, हेही मी स्वतःला समजावून पाहिलं. मग आठवलं, माझ्या अमेरिकेच्या मतानेही कुणाचं काही अडलं नव्हतं, तरी मला रडू आलं होतं. मावशीचं मत हरलं असतं. पण कुणीतरी ते मोजलं असतं. त्या पुढाऱ्याला मिळालेल्या मतांच्या शेजारी, त्याला न मिळालेल्या मतांत, ते उभं राहिलं असतं.

मी प्रज्ञाला म्हटलं, तो माझा फोटो काढून टाक. ती म्हणाली, “का? किती लोकांनी पसंत केलाय!” मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आत्या, चूक तुझी. त्यात त्या वेबसाइटचा काय दोष? तू लग्नाला निघाली असतीस तरी हेच झालं असतं.” तिचं बरोबर आहे. हे मी मान्य करते. पण लग्नाला गेले असते तर मी स्वतःला लोकशाहीची थोर सेवक समजून तिथे रडले नसते. मला ओकारी येते ती त्या रडण्याची. फुकटच्या मताची एक नशा असते. त्यात घाम नाही, रांग नाही, उद्या तोच माणूस आपल्या गल्लीत फिरणार याची भीती नाही. मावशीने भर सभेत जे केलं त्याच्यापुढे माझं चार वेळा बोट टेकवणं काय होतं? आणि त्या टेकवण्यासाठी मी तिला पुसलं होतं.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या खाचरावर गेले. झोडणी चालू होती. ती एकटीच पेंढ्या फळीवर आपटत होती. पाण्याखाली राहिलेलं भात; आपटलं की दाण्यापेक्षा फोल जास्त उडत होता. केसांवर, भुवयांवर भुसा. मी बांधावर उभी राहिले आणि सांगून टाकलं. कुलूप, शेजारची सही, रिक्षा, हॉल, अमेरिका, सगळं. अमेरिकेचं सांगताना माझी जीभ अडखळली.

तिने हातातली पेंढी खाली ठेवली. “म्हंजी त्यानं न्हाय कापलं?”

“नाही. मी.”

“मी बोलली म्हनून न्हाय?”

“नाही, मावशी. दाराला कुलूप होतं म्हणून.”

ती बांधावर बसली. मी शिव्यांची वाट बघत होते; शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, “आठ दिस मला वाटत हुतं, मानूस माझ्या मताला घाबारला. रातीला पडल्या पडल्या हसू येयाचं मला. एवढा मोटा मानूस, नि हिराला घाबारला.” तिने केसांतला भुसा झटकला. “त्यानं कापलं असतं तर बरं हुतं गं बाय.”

मी खाली बघत राहिले. माझ्या चपलांना चिखल लागला होता. मग तीच म्हणाली, “आनि बाकीची? त्या दिशी आनि कुनाकुनाला घालवलंस?”

ती सात घरं मी त्याच संध्याकाळी पुन्हा पालथी घातली. बाकी सहांचं लिहिलेलं खरं निघालं. दुसऱ्या दिवशी मावशीचा नवा फॉर्म भरला. ती सही करत नाही, अंगठा देते. अंगठा उठवताना तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच दाबला. वर कार्यालयात जाऊन मी लेखी कबूल केलं की नाव माझ्या चुकीने वगळलं गेलं. साहेब म्हणाले, “कशाला लेखी देता? प्रकरण थंड झालंय.” मी दिलं. समज मिळाली, एक वेतनवाढ थांबली. गावातही सांगितलं. काहींनी विश्वास ठेवला नाही, त्यांना पुढाऱ्याचीच गोष्ट हवी होती. काही बायका अजूनही माझ्याशी तोडून बोलतात. तो पुढारी मात्र एका समारंभात मला भेटून म्हणाला, “बाई, तुम्ही मला वाचवलंत,” आणि हात पुढे केला. मी हात जोडले, मिळवला नाही.

भराव अजून तिथेच आहे. पाणी अजून तुंबतं.

यंदा मसुदा यादी आली तशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तिचं वाचन ठेवलं. नावं मोठ्याने वाचायची, कुणाची हरकत असेल तर लिहून घ्यायची. एरवी या वाचनाला चार माणसं येतात. यंदा हिरामावशी पुढे येऊन बसली होती आणि तिने बायकांनाही आणलं होतं. मी वाचत गेले. तिचं नाव आलं. “हाय,” ती म्हणाली आणि पान खात राहिली. यादी संपली. मी कागद आवरायला लागले.

“आता कापलेली वाच,” ती म्हणाली.

“ती वाचायची नसतात, मावशी.”

“का? ती काय मानसं न्हाईत?”

मी ती पानं काढली आणि वाचायला सुरुवात केली. एकेका नावाला माणसं उत्तर देऊ लागली. हा गेला, शिमग्यात. ही राहनाळला दिली, सुखात हाय. हा कंपनी बंद झाल्यावर मुलखाला गेला, परत न्हाय आला. कुणी डोळे पुसले, कुणी हसलं. मग मी वाचलं, “काशिनाथ पाटील, मयत.”

मग मागून एक बाई म्हणाली, “कंचा? ह्यो आमचा? तो मगाशी तर म्हशी घेऊन गेला खाडीवर.”

मेला होता तो त्याच्याच नावाचा चुलतभाऊ. नोंद दुसऱ्या कुणी केली होती, पण पानाच्या खाली सही माझी होती. हशा पिकला आणि लगेच विरला. मी वाचन थांबवलं. कुणीतरी त्याला बोलवायला गेलं. कामं टाकून आलेली माणसं होती, तरी कुणीच उठलं नाही. बऱ्याच वेळाने काशिनाथ आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, हातात काठी, एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणून बावरलेला.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काय न्हाय रं,” हिरामावशी म्हणाली. “तू हायस का, त्ये बघत हुतो.”